टॉवर नाही, मग विमान उतरतं कसं?

२८ जानेवारी २०२६ रोजी बारामतीत लिअरजेट विमान कोसळलं आणि उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्यासह पाच जणांचा मृत्यू झाला. बारामतीत तेव्हा नेहमीचं हवाई वाहतूक नियंत्रण नव्हतं, तिथल्या वैमानिक प्रशिक्षण संस्थांमधली माणसंच रेडिओवर माहिती देत होती, हे केंद्र सरकारच्या निवेदनातून अनेकांना पहिल्यांदा कळलं. अपघाताचं कारण सांगणं हे तपास यंत्रणेचं काम, त्यात इथे शिरायचं नाही. पण त्यानंतर सोलापुरातही जी चर्चा रंगली, तिच्यातल्या काही समजुती तपासून घ्यायला हव्यात. होटगी रोडवरच्या आपल्या विमानतळावरून आता गोव्याला आणि मुंबईला विमानं जातात, त्यामुळे हा विषय आपल्या दाराशी आला आहे.

पहिली समजूत: नियंत्रण टॉवर नसेल तर जो येईल तो मनाला येईल तसा उतरतो. तसं नसतं. अमेरिकेत सार्वजनिक वापराचे पाच हजारांच्या आसपास विमानतळ आहेत आणि टॉवर आहे तो साधारण पाचशेंवर. बाकीच्या ठिकाणी रोज विमानं उतरतात, ती ठरलेल्या शिस्तीने. वैमानिक आधी विंडसॉक बघतो, म्हणजे खांबावर फडफडणारी ती कापडी नळी. वारा समोरून घेत उतरायचं असतं. होटगी रोडच्या धावपट्टीच्या टोकांना १५ आणि ३३ हे आकडे आहेत. होकायंत्रावरच्या दिशेतलं शेवटचं शून्य गाळलं की हा आकडा मिळतो. वायव्येचा वारा असेल तर ३३, आग्नेयेचा असेल तर १५. टॉवर असला तर हे तिथला नियंत्रक ठरवतो. नसला तर वैमानिक ठरवतो आणि आधीपासून हवेत असलेल्यांशी जुळवून घेतो.

मग येतं सर्किट. धावपट्टीपासून साधारण हजार फूट उंचीवर एक आयताकृती फेरी, वळणं सहसा डावीकडे. धावपट्टीला समांतर पण उलट्या दिशेने जाणारी बाजू म्हणजे डाऊनविंड, आडवी बाजू बेस आणि धावपट्टीच्या रेषेत आलं की फायनल. प्रत्येक टप्प्यावर वैमानिक सगळ्यांसाठी एकाच असलेल्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो: मी कोण, कुठे आहे, कोणत्या धावपट्टीवर उतरणार. उतरणाऱ्यांत जो खाली आहे त्याचा हक्क आधी. मात्र त्याचा फायदा घेऊन दुसऱ्याच्या पुढे घुसायचं नाही, हेही नियमातच आहे. एसटी स्टँडवर गाडी मागे घेताना कंडक्टर नसला तर ड्रायव्हर काच खाली करून स्वतःच ओरडतो, तसंच काहीसं.

ही पद्धत कुठे फसते, ते अमेरिकेतल्या क्विन्सीत दिसलं. १९ नोव्हेंबर १९९६, टॉवर नसलेला विमानतळ, एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या. उतरायला आलेल्या प्रवासी विमानाने रेडिओवर विचारलं की दुसऱ्या धावपट्टीच्या टोकाशी उभं असलेलं विमान थांबणार आहे ना? उत्तर आलं, पण त्या विमानाकडून नव्हे, त्याच्या मागे उभ्या असलेल्या तिसऱ्या छोट्या विमानाकडून. उतरणाऱ्यांना ते योग्य विमानाचंच उत्तर वाटलं. पुढचं विमान उड्डाणासाठी धावत सुटलं, उतरणाऱ्या विमानाशी त्याची टक्कर झाली आणि दोन्ही विमानांतले मिळून १४ जण दगावले. बोलणं झालं होतं, पण कोण कोणाशी बोलतंय तेच कळलं नव्हतं.

याउलट, 'टॉवर आला की धावपट्टीवरची टक्कर संपली' असं मानणाऱ्यांनी तेनेरिफ बेटावरचा विमान अपघात आठवावा. २७ मार्च १९७७, टॉवर चालू, नियंत्रक हजर, धुकं दाट. दोन जंबो जेट धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली, ५८३ जण गेले. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदावर, जगातल्या अत्यंत गजबजलेल्या विमानतळांपैकी एकावर, उतरणारं प्रवासी विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. तिथेही टॉवर होताच. टॉवरमुळे धोका कमी होतो यात शंका नाही, आणि नियमित प्रवासी वाहतूक असेल तिथे तो हवाच. पण तो धोका पुसून टाकत नाही.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो: टॉवर म्हणजे धुक्यातून विमान खाली आणणारी यंत्रणा. टॉवरमधला माणूसही शेवटी काचेतूनच बाहेर बघतो. त्याला धावपट्टी दिसत नसेल तर तो ती वैमानिकाला दाखवू शकत नाही. कमी दृश्यमानतेत धावपट्टीच्या रेषेत आणि योग्य उतारावर विमान ठेवणारे रेडिओ संकेत आयएलएस नावाची वेगळी यंत्रणा पाठवते. टॉवर आहे पण आयएलएस नाही, असे विमानतळ आहेत. धावपट्टी दिसेना तर विमान वर घेऊन परत फेरी मारायची किंवा दुसरीकडे जायचं. यात कमीपणा नाही, नियमच तसा आहे.

सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको की धोका धावपट्टीच्या बाहेरही असतो. सिद्धेश्वर साखर कारखान्याची सुमारे ९० मीटरची चिमणी विमानाच्या वाटेत होती. ती १५ जून २०२३ ला स्फोटकांनी पाडली, त्यासाठी किती वर्षं आंदोलनं आणि खटले चालले ते शहराला ठाऊक आहे. कारखान्याबद्दल कितीही सहानुभूती असली, तरी त्या जागी उंच बांधकाम टॉवर असूनही चाललं नसतं. धावपट्टीच्या टोकांपासून अदृश्य उतार आखलेले असतात आणि त्यांना छेदणारं काही उभं राहता कामा नये.

पक्ष्यांचंही तसंच. १९३७ च्या विमान नियमांतला ९१ वा नियम विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत कचरा टाकायला आणि जनावरं कापायला मनाई करतो, कारण त्यावर घारी-गिधाडं जमतात. होटगी रोडवरून दहा किलोमीटर मोजले की सोलापूर शहराचा बराचसा भाग त्यात येतो.