जुन्या मोटारीची हमी

वाशीमच्या आमच्या एका आप्तांनीं वृद्ध वडिलांस उपचारासाठीं अकोल्यास नेतां यावें म्हणून जुनी मोटार घेतली. पहिल्या मालकांनीं नुकतेंच इंजिन दुरुस्त करवून वर्षाची हमी मिळविली होती. तिसऱ्याच महिन्यांत, वडील गाडींत असतांना, मालेगांव जहांगीरच्या अलीकडे इंजिन बंद पडलें! गॅरेजवाल्यानें पावती पाहून हात झटकले: "हमी त्यांस दिली होती, आपणांस नव्हे."

येथें बहुतेकांची गल्लत होते. मोटार बनविणाऱ्या कंपनीची हमी, मुदत शिल्लक असल्यास, बहुधा गाडीबरोबर नव्या मालकाकडे येते. दुरुस्तीची हमी मात्र गॅरेजवाला आणि ग्राहक यांच्यांतील करार होय; पावतीवर काय लिहिलें आहे, यावर सारें अवलंबून. म्हणून सौदा पुरा होण्यापूर्वींच मूळ पावती मागावी व विकणाऱ्यासह गॅरेजांत जाऊन हमी आपल्या नांवें लिहून घ्यावी. तो कांकूं करील तर किंमत उतरवून मागण्यांत संकोच कसला?

विम्याचेंही पाहावें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा आपोआप नव्या मालकाकडे जातो; स्वतःच्या गाडीच्या भरपाईसाठीं मात्र १४ दिवसांत विमा आपल्या नांवावर करण्याचा अर्ज द्यावा.

आमच्या आप्तांचे पहिले मालक सज्जन निघाले. ते स्वतः गॅरेजांत येऊन उभे राहिले, तेव्हां मजुरी माफ झाली. सुट्या भागांचे पैसे मात्र पदरचेच गेले.