परसातला मेवा आणि घरातली वडीलधारी माणसे

वैशाख लागला की रत्नागिरी परिसरातील घरांच्या पडव्यांत पाऊल ठेवायला जागा उरत नाही. कोपऱ्यात भाताच्या पेंढ्यावर आंब्यांची आढी, दाराशी फणस, सुपात करवंदे आणि पाठोपाठ रातांबे. या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. शहरात त्याचा भाव ऐकून लोक माघारी फिरतात. परसात दोन-तीन कलमे असणाऱ्या कुटुंबापुढे मात्र निराळाच प्रश्न असतो, की एवढे फळ संपवायचे कसे? आणि घरात मधुमेह असलेले आजोबा किंवा अर्धांगवायूतून सावरणाऱ्या आजी असतील, तर त्यांना ते द्यायचे की नाही?

हा दुसरा प्रश्न दर उन्हाळ्यात मुलगा किंवा सून मला विचारते, आणि आजोबा शेजारी बसून मुकाट्याने ऐकत असतात. ज्यांनी ते कलम लावले, घागरीने पाणी घालून जगवले, त्यांनाच त्याच्या फळाची बंदी करणे मला पटत नाही. शिवाय ही बंदी टिकतही नाही. दुपारी घर निजले की आढीतील दोन आंबे कमी होतात, आणि चोरून खाण्याला मोजमाप नसते.

मोजमाप अवघड नाही. २५० ग्रॅमच्या हापूसमध्ये साल व कोय वगळता सुमारे १६० ग्रॅम गर निघतो. त्यातून साधारण २४ ग्रॅम कर्बोदके मिळतात, म्हणजे एका मध्यम पोळीपेक्षा थोडी अधिक. साखर आटोक्यात असलेल्या व्यक्तीने दिवसातून अर्धा आंबा, फोडी करून, जेवणातील अर्धी पोळी कमी करून खाण्यास सहसा हरकत नसते. साखर फार वाढलेली असेल, तर आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. आमरसाचे गणित वेगळे आहे. वाटीभर रसात दीड-दोन आंबे सहज जातात आणि वर साखर पडते. मग पुरणपोळी असली, तर बोलायलाच नको!

याहून मोठा धोका आंब्यात नसून त्याच्या भीतीपोटी केलेल्या उपायांत आहे. ‘आज दोन आंबे झाले, एक गोळी जास्त घेतो’ किंवा ‘रात्री जेवतच नाही’ असे काही ज्येष्ठ परस्पर ठरवतात. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना असे केल्यास पहाटेपर्यंत साखर धोकादायकरीत्या घसरू शकते. दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे. माणूस शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल, तर लगेच साखरेचे पाणी द्यावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे.

फणसाविषयी थोडे अधिक जपावे लागते. बरक्याचा बुळबुळीत गरा नकळत घशात उतरतो, तो कोकणात कौतुकाचा विषय आहे. पण अर्धांगवायू किंवा कंपवातामुळे गिळण्याची क्रिया मंदावलेल्या व्यक्तीचा श्वास त्याने कोंडू शकतो. कवळी वापरणाऱ्यांना काप्याचा गरा चावत नाही. तो बारीक चिरून द्यावा. फणसाच्या १०० ग्रॅम गऱ्यांत सुमारे ४५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, आंब्याच्या दुपटीहून अधिक. त्यामुळे मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी फणस डॉक्टरांना विचारूनच खावा. कोकमाच्या आगळात मीठ भरपूर, तर अमृत कोकमात साखर भरपूर. रक्तदाब आणि मधुमेह असणाऱ्यांनी अनुक्रमे हे ध्यानात ठेवावे.

फळ काढण्यासाठी सत्तरीनंतर झाडावर चढू नये. खुब्याच्या हाडाचा एक अस्थिभंग चालत्याफिरत्या माणसाला कायमचा अंथरुणाला खिळवू शकतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या नूतन झेल्याने जमिनीवर उभे राहून आंबा देठासकट काढता येतो. देठ राहिल्याने चीक ओघळत नाही; हा चीक लागल्यास ओठांवर आणि हातांवर पुरळ उठते. खाण्यापूर्वी आंबे पाण्यात बुडवून स्वच्छ धुवावेत.

उरलेल्या फळाचे काय? वाटावे. आपल्याकडचा वानवळा ही फार शहाणी रीत आहे. मुंबईच्या मुलांना पेट्या रवाना होतातच, पण शेजारच्या पाच घरी पाच-पाच आंबे पोचवण्याचे काम आजोबांकडे सोपवावे, ऊन उतरल्यावर, सोबत नातवंड देऊन. चार पावले चालणे होते, चार दारांत विचारपूस होते. वर्षभर ज्यांना सगळे दुसऱ्याच्या हातून घ्यावे लागते, त्यांना देण्याची संधी मिळते. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी फळे नेताना मात्र ती चिरून, झाकण असलेल्या डब्यात न्यावीत. अखखा फणस दारात ठेवून गेलो, तर त्यांची अडचणच होते.

आठळ्या टाकू नयेत. धुऊन, वाळवून ठेवल्या की पावसाळ्यात भाजीला होतात, आणि उकडलेल्या आठळ्या सोलण्याचे काम आजींना बसल्या जागी, गप्पा मारता मारता करता येते.