रोज पाणी घालूनही लिंबाची पानं का करपतात?



"रोज बादलीभर पाणी घालते, तरी लिंबाच्या पानांच्या कडा करपतातच!" गटाच्या बैठकीत कुणी ना कुणी असं म्हणतंच. मग आपण आणखी एक बादली घालतो. पण कधी कधी दुखणं कमी पाण्याचं नसतं, मचूळ पाण्याचं असतं.

वाघोली २०२१ साली पुणे महापालिकेत आली, तरी कितीतरी घरांतली परसातली झाडं अजून बोअर नाहीतर टँकरवरच जगतात. बोअरच्या पाण्यात जमिनीतले क्षार विरघळलेले असतात. झाड पाणी पितं, ऊन पाणी उडवतं, क्षार मात्र आळ्यातच राहतात.

हिशेब करून बघा. पाण्याचा टीडीएस १००० असेल, तर लिटरमागे साधारण एक ग्रॅम क्षार. २० लिटरची बादली रोज घातली, तर १०० दिवसांत एका आळ्यात दोन किलो!

कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं ना? मीठ पाणी ओढून घेतं. मातीतही तसंच होतं. माती ओली दिसते, पण मुळांना पाणी मिळत नाही. आधी जुन्या पानांची टोकं आणि कडा करपतात, मग पानं गळतात, वाढ खुंटते, फळ बारीक राहतं. आळ्यात पांढरी पापडी दिसली की समजा, क्षार साठलेत.

एक चूक आपण सगळ्याच करतो. आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी "फुकट कशाला घालवायचं" म्हणून झाडांना घालतो. पण गाळलेले क्षार त्याच पाण्यात असतात. निम्मं पाणी बाहेर पडत असेल, तर त्यात क्षार जवळजवळ दुप्पट. ते लादी पुसायला, संडासात वापरा.

मग काय करायचं?

• फिल्टरवाल्याकडे टीडीएस मीटर असतो. त्याच्याकडून बोअरचं पाणी मोजून घ्या. ४५० च्या आत असेल तर काळजी नाही. २००० च्या वर असेल तर फळझाडांना घालू नका. मधलं असेल तर जपून वापरा.
• रोज थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा चार दिवसांआड भरपूर द्या, म्हणजे क्षार मुळांखाली जातील. पण निचरा हवाच. आपल्याच जिल्ह्यात नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. पुढे जादा पाणी आणि निचऱ्याअभावी त्याखालच्या कितीतरी जमिनी खारवट झाल्या.
• पाणी पानांवर मारू नका, आळ्यातच द्या.
• शेणखत घाला, पालापाचोळा पसरा. ऊन कमी लागलं की क्षार वर कमी येतात.
• पावसाळ्यात पत्र्याचं पाणी पिंपात धरा. ते लहान रोपांना राखून ठेवा.
• नवीन झाड लावताना विचार करा. लिंबू, आंबा, केळी नाजूक. पेरू, डाळिंब, चिकू थोडा दम धरतात. बोर त्याहून चिवट.

जिप्सम मात्र कुणी सांगितलं म्हणून टाकू नका. आधी माती तपासून घ्या.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या बोअरच्या पाण्याची एक स्वच्छ बाटली आणा. बोअर दहा मिनिटं चालू ठेवून, बाटली त्याच पाण्याने विसळून भरा आणि वर नाव लिहा. एकाच मीटरवर सगळ्यांचं पाणी मोजून होईल.