पाहुणा, पैसा आणि दप्तर

तारकर्ली-देवबागपासून हरिहरेश्वरपर्यंतच्या किनाऱ्यावर ज्या घरांच्या माजघरात एकेकाळी केवळ गणपतीला आणि शिमग्याला परगावचे आप्त उतरत, त्याच घरांतील दोन-तीन खोल्या आता मुंबई-पुण्याच्या कुटुंबांना दिवसाच्या भाड्याने दिल्या जातात. आणि या स्थित्यंतराबरोबर घरमालकाच्या पदरी द्रव्यलाभाइतकीच एक नवी कायदेशीर अवस्था येऊन पडते, जिची जाणीव बहुतेकांना पहिली नोटीस हाती येईपर्यंत होत नाही. मालकाच्या मते घर ते घरच. त्यात पाहुणा उतरला काय आणि जावई उतरला काय, भिंती त्याच, छप्पर तेच. शासन मात्र भिंती पाहत नाही, त्यांच्या आत काय चालते ते पाहते. त्यातही अडचण अशी की शासन म्हणजे एकच डोळा नव्हे. पोलीस, पंचायत, वीजपुरवठा करणारी कंपनी, आयकर आणि वस्तू व सेवा कर यांपैकी प्रत्येक खात्याची घराविषयीची व्याख्या स्वतंत्र असून, एकाने आपणास कुटुंबवत्सल गृहस्थ मानले म्हणून दुसऱ्याने व्यापारी मानू नये असे बंधन कोणावरही नाही.

यांतील सर्वांत प्राचीन दृष्टी पोलिसांची. प्रवाशाला आसरा देणाऱ्याने सरकारला त्याची वर्दी द्यावी, ही अपेक्षा आजची नव्हे. इंग्रज सरकारने 1867 साली सरायांसंबंधी स्वतंत्र कायदा केला, तेव्हा सरायवाल्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे आपली नोंद करावी, आवार व पाणी स्वच्छ राखावे, आणि हुकूम झाल्यास आदल्या दिवशी वा रात्री कोण कोण उतरले याची माहिती द्यावी, असे त्यात घातले होते. कसूर केल्यास वीस रुपयांपर्यंत दंड. मुक्कामाची वही हे मूळचे त्या काळचे दप्तर. आजही पाहुण्याचे नाव, पत्ता, ओळखपत्र आणि येण्या-जाण्याची वेळ लिहून ठेवण्याइतके स्वस्त आणि उपयोगी दुसरे काही नाही, आणि सर्व नियमांमध्ये ज्याविषयी तक्रार करण्यास सर्वांत कमी जागा आहे तो हाच नियम होय, असे माझे मत आहे.

पाहुण्याचे पारपत्र परदेशी असेल तर मात्र केवळ वही पुरत नाही. ‘सी फॉर्म’ या नावाने ओळखली जाणारी माहिती चोवीस तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते. विदेशी व्यक्तींविषयीचे जुने चार कायदे एकत्र करून केलेला 2025 चा कायदा 1 सप्टेंबर 2025 पासून अमलात आला, तरी यजमानावरील ही जबाबदारी कायम राहिली आहे. पाहुणा मालवणी अस्खलित बोलतो आणि त्याचे आजोळ शेजारच्याच वाडीत आहे, एवढ्याने तो या नियमातून सुटत नाही. कायदा बोली ऐकत नाही, पारपत्र पाहतो.

गावातला व्यवहार ग्रामपंचायतीपासून सुरू होतो. पंचायतीच्या नमुना आठवर घर कोणाच्या नावे आहे, घरपट्टी थकलेली नाही ना, हे पाहिल्याशिवाय पुढचा कागद हलत नाही. आणि सामाईक घरात, जेथे चार भावांची नावे असून राहतो एकच, तेथे उरलेल्या तिघांची लेखी संमती मिळवणे हे कोणत्याही परवान्याहून कठीण काम ठरते. गावठाणातल्या जुन्या घरात पाहुणे ठेवणे ही एक गोष्ट, आणि बागायतीत नव्या खोल्या उठवणे ही सर्वस्वी दुसरी. कारण दुसऱ्या प्रकारात जमिनीच्या अकृषिक वापराचा आणि समुद्राजवळ किनारा नियमनाचाही प्रश्न उभा राहतो. जेवण देणार असाल तर अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी निराळी. शहरातील सदनिकेला या सर्वांवर सहकारी गृहनिर्माण संस्थेची भर पडते. तेथे कायद्याचा कोणताही दाखला दाखवला तरी, रात्री अकराला जिन्यात वाजणाऱ्या अनोळखी बॅगांच्या चाकांविषयी सभासदांचे जे म्हणणे असते, ते सर्वसाधारण सभेत निस्तरावेच लागते.

करांच्या बाबतीत लोकांची भीती मोठी असते, पण प्रत्यक्ष भार तितका नसतो. महाराष्ट्रात व गोव्यात सेवा पुरवणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाख रुपयांच्या आत असेल तर त्याला सामान्यतः वस्तू व सेवा करासाठी नोंदणी करावी लागत नाही. परंतु ‘मला कर नाही’ आणि ‘माझ्या खोलीवर कर नाही’ ही दोन विधाने एक नव्हेत. खोली एखाद्या ऑनलाइन मंचावरून भाड्याने गेली, तर नोंदणी नसलेल्या यजमानाच्या वतीने तो मंचच पाहुण्याकडून कर घेऊन सरकारजमा करतो. पूर्वी दिवसाला हजार रुपयांपर्यंतची खोली करमुक्त होती. ती सवलत जुलै 2022 मध्ये गेली. 22 सप्टेंबर 2025 पासून दररोज साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के, आणि त्याहून महाग खोलीवर 18 टक्के असा दर आहे. कुटुंबाला राहण्यासाठी दिलेल्या घराच्या भाड्याला मिळणारी सूट अशा मुक्कामाला लागू होत नाही, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

आयकराचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. नुसते घर भाड्याने दिले तर ते घरमालमत्तेचे उत्पन्न धरून त्यातून 30 टक्के सरसकट वजावट मिळते. पण चादरी बदलणे, न्याहारी देणे, साफसफाई करणे असा नित्य व्यवहार चालू असेल तर ते धंद्याचे उत्पन्न ठरू शकते, आणि मग वजावट प्रत्यक्ष खर्चाची मिळते, अर्थात पावत्या असतील तर. घर भाड्याने देणे हा धंदा आहे की नाही, हे ज्या त्या प्रकरणाची परिस्थिती पाहून ठरवावे, असा दृष्टिकोन सर्वोच्च न्यायालयाने सुलतान ब्रदर्सच्या खटल्यात घेतला होता. म्हणून घोळ माशाचे बिल असो वा धोब्याचे, कागद ठेवावा. ऑनलाइन मंच पैसे देताना उगमस्थानी जो कर कापतो, तो 1 ऑक्टोबर 2024 पासून एक टक्क्यावरून दशांश टक्क्यावर आला असून, पॅन वा आधार दिलेल्या व्यक्तीची त्या मंचावरील वार्षिक विक्री पाच लाखांपर्यंत असल्यास तोही कापला जात नाही. कपात झाली नाही म्हणजे उत्पन्न करमुक्त झाले, असे मात्र नाही.

महाराष्ट्रात पर्यटन खात्याची न्याहारी-निवास योजना आहे, आणि केंद्राच्याही अशाच योजनेत मालकाचे कुटुंब त्याच घरात राहत असावे व खोल्या सहापर्यंत, खाटा बारापर्यंत असाव्यात अशी अट आहे. तिचा मुख्य आशय मला योग्य वाटतो, कारण सवलत खऱ्या घराला मिळावी, कुलूप लावून किल्ली पेटीत ठेवलेल्या सदनिकेला नव्हे. गोव्यात मात्र हा मामला योजनेवर सोडलेला नाही. तेथे 1982 च्या पर्यटन-व्यवसाय नोंदणी कायद्यानुसार पाहुण्यांना पैसे घेऊन ठेवणाऱ्याला पर्यटन खात्याकडे आधी नोंदणी करावी लागते, मग ते पणजीतील हॉटेल असो की साळगावातील आजीच्या घराची माडी. नोंदणीवाचून खोली चालवणाऱ्यावर कारवाई करण्याचा अधिकार खात्याला आहे. आणि खोलीची जाहिरात आता जगभर दिसत असल्यामुळे, ती चालू असल्याचा पुरावा शोधण्यासाठी अंमलदाराला गावात फेरी मारण्याचीही गरज उरलेली नाही.