तीन पैशांचा ऑपेरा आणि आपली पेटी-तबला

गणेशोत्सवाच्या तयारीची बैठक होती. तिरल्यात मराठी घरे मोजकीच, म्हणून सणासुदीला आम्ही धारच्या मंडळींतच मिसळतो. नाटक कोणते करावे, हा दरवर्षीचा प्रश्न निघाला, तेव्हा एका तरुणाने ‘तीन पैशाचा तमाशा’ हे नाव सुचविले. मूळ जर्मन ऑपेरा आहे, एवढे तो सांगतो न सांगतो तोच एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, “अरे बाबा, ऑपेराला मुंबईचे नाट्यगृह नि शंभर वादक लागतात. आपल्याजवळ एक पेटी नि एक तबला!” सारे हसले आणि विषय तेथेच मिटला. त्या हसण्यात आम्हीही सामील होतो, ही कबुली देणे भाग आहे.

घरी आल्यावर मात्र आम्हास वाटू लागले की, तो तरुण हसण्यासारखे काही बोललाच नव्हता.

या ऑपेराचा जन्मच मुळी थाटामाटाच्या ऑपेराची थट्टा करण्यासाठी झाला. १७२८ साली लंडनमध्ये जॉन गे याने भिकारी, चोर आणि लाचखाऊ अधिकारी यांना रंगभूमीवर आणून लोकांच्या तोंडी असलेल्या चालींवर पदे गाववली. बरोबर दोनशे वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९२८ रोजी, त्याच कथानकावर बेर्टोल्ट ब्रेख्ट आणि संगीतकार कुर्ट वाईल यांचा ‘तीन पैशांचा ऑपेरा’ बर्लिनमध्ये रंगला. भिकाऱ्यालाही परवडावा, म्हणून तीन पैशांचा! गाणारे बहुतेक नट होते, शिक्षित ऑपेरागायक नव्हेत. आणि वादक होते अवघे सात. एकेकाने अनेक वाद्ये हाताळून वेळ निभावली. आमच्या वयोवृद्ध स्नेह्यांना हा आकडा ठाऊक असता, तर ते इतके हसते ना.

पुढे पन्नास वर्षांनी, १९७८ मध्ये, पु. ल. देशपांडे यांनी हे नाटक मराठीत आणले. पुण्याच्या थिएटर अकॅडमीसाठी जब्बार पटेल यांनी ते बसविले आणि नंदू भेंडे यांनी त्यातील गुंडनायक अंकुश रंगविला. पुलंनी त्याला ‘तमाशा’ म्हटले, ते केवळ गमतीने नव्हे. नटाने मध्येच कथेबाहेर यावे, प्रेक्षकांशी बोलावे, गाण्यातून शालजोडीतले द्यावे, ही ब्रेख्टची रीत युरोपला नवी वाटली असेल. आपल्या सोंगाड्याला ती पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. म्हणूनच नाट्यसंगीत, लावणी आणि पॉप ही तिन्ही त्या प्रयोगात एकाच मांडवाखाली नांदली. परक्याची वस्तू घरात आणताना आपल्या घराचा कोणता दरवाजा तिच्या मापाचा आहे, हे पुलंनी अचूक ओळखले होते.

अडचणी आहेतच. नाटकात चोर आहेत, वेश्यावस्ती आहे. घरच्या उत्सवात हे कसे दाखवावे, असे वडीलधारी विचारतील. प्रयोगाची रीतसर परवानगी घ्यावी लागेल. परंतु खरी अडचण निराळीच आहे. आमची मुले घरी मराठी समजतात, उत्तर मात्र हिंदीत देतात. प्रतिवर्षी तेच सोज्ज्वळ प्रहसन त्यांच्या हाती दिले, तर मराठी ही केवळ आजी-आजोबांची भाषा आहे, असा त्यांचा समज होईल. जी भाषा लबाडाची लबाडी गाऊन दाखवू शकते, हसवता हसवता अंतर्मुख करते, ती त्यांना स्वतःची वाटण्याचा संभव अधिक.

संपूर्ण नाटक आम्हास पेलेलच असे नाही. दोन प्रवेश आणि तीन-चार पदे पेलतील. पेटी आहे, तबला आहे. ढोलकीवाला धारमध्ये शोधू. सात वादकांपैकी तीन तर झाले!

पुढच्या बैठकीत त्या तरुणाआधी आम्हीच उभे राहणार आहोत. हसायचे ते खुशाल हसोत.