बंगल्याच्या हिरवळीवरील स्प्रिंकलर
हिरवळीचा एखादा पट्टा पिवळा पडला की माळी नवा स्प्रिंकलर सुचवतो. पावती फाडण्याआधी इतर स्प्रिंकलर पाहावेत. सर्वच मंदावले असतील तर दोष दाबात, व्हॉल्व्हमध्ये किंवा फुटलेल्या नळीत असतो. एकच मंदावला असेल तर बहुधा कचऱ्यात. पाणी बंद करून जमिनीतील दांडी वर ओढून धरावी व नोझल फिरवून काढावे. त्याखालची बारीक जाळी बहुतेकदा वाळूने भरलेली आढळते, ती धुवावी. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचा पांढरा थर व्हिनेगरमध्ये भिजवल्यास सुटतो. छिद्रात सुई मात्र, कितीही मोह झाला तरी, घालू नये. ते रुंदावले की तुषार कायमचे बिघडतात. नोझल पुन्हा बसवण्यापूर्वी क्षणभर पाणी सोडून नळीतील गाळ वाहू द्यावा.