सुटीतला आमरस मुलांच्या हातचा

उन्हाळ्याच्या सुट्या सुरू झाल्या की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. "मुलगा जेवत नाही, सारखे थंड पेय मागतो." चंद्रपूरचा उन्हाळा काही सौम्य नाही. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. विदर्भातील शाळाही राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात. म्हणजे दुपारभर मुले घरात, हाताला काम नाही आणि तोंडाला फ्रिजचा नाद. अशा वेळी मुलांना रागावण्यापेक्षा त्यांना स्वयंपाकघरात बोलावून काम दिलेले केव्हाही चांगले. या आठवड्यात आपण त्यासाठी एक आपल्याच भागातला पदार्थ घेऊ या : आंब्याचा रस आणि सरगुंडे.

सरगुंडे म्हणजे काय?

चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. तेव्हापासून ऊर्जानगरात नोकरीच्या निमित्ताने राज्याच्या सर्व भागांतील कुटुंबे राहत आली आहेत. कोणाकडे रसासोबत पुरणपोळी, कोणाकडे साधी पोळी, तर कोणाकडे शेवया. विदर्भात मात्र रसासोबत सरगुंडे करण्याची जुनी रीत आहे. कणकेची बारीक दोरी काडीवर गुंडाळायची, अलगद सरकवून काढायची आणि वाफवायची. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायचे तर हा आपला घरचा, गव्हाचा 'पास्ता'च. सरगुंडे वळणे हे लहान बोटांना जमणारे काम आहे. मुलांना ते खेळासारखे वाटते. आणि जो पदार्थ मुलाने स्वतः वळला आहे, तो तो सहसा ताटात टाकत नाही.

साहित्य (चार माणसांसाठी)

दोन वाट्या कणीक, अर्धी वाटी बारीक रवा, चवीपुरते मीठ, चमचाभर तेल, आठ-दहा गावरान रसाळ आंबे, अर्धी वाटी उकळून थंड केलेले दूध, चिमूटभर सुंठ, दोन चमचे साजूक तूप आणि थोडी चारोळी.

कृती

१) आंबे सकाळी गार पाण्यात तासभर भिजत घालावेत व देठाकडचा भाग चोळून धुवावा. देठाजवळच्या चिकाने काही मुलांच्या ओठांवर व गालांवर पुरळ उठते. धुतल्याने तो चीक निघून जातो. हे काम चार-पाच वर्षांचे मूलही आनंदाने करते.

२) कणीक, रवा, मीठ व तेल एकत्र करून घट्ट भिजवावे आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेवावे.

३) गोळ्यातून बारीक दोरी वळावी. उदबत्तीएवढी जाड, गुळगुळीत, स्वच्छ काडी किंवा विणकामाची सुई घेऊन तिला तेलाचे बोट लावावे. दोरी काडीभोवती गुंडाळून हलकेच सरकवून काढावी. पहिली चार-पाच मोडतील, मोडू द्यावीत. मोडलेली पुन्हा गोळ्यात मिसळता येतात.

४) गंजात पाणी उकळत ठेवून वर तेल लावलेल्या चाळणीत सरगुंडे पसरावेत व झाकून दहा-बारा मिनिटे वाफवावेत. हे काम मोठ्यांचेच. वाफेचा चटका उकळत्या पाण्याइतकाच वाईट असतो. मुलांना शेगडीपासून दूर उभे करावे. दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांना जवळ उभे राहून शिकवावे.

५) आंबे माचवून, पिळून रस काढावा, कोयी दुधात धुवाव्यात. रसात सुंठ घालावी. वाटीत गरम सरगुंडे, त्यावर रस, वरून तूप व चारोळी.

साखर किती घालावी?

खरे म्हणजे घालूच नये. १०० ग्रॅम पिकलेल्या आंब्याच्या गरात १५ ग्रॅमच्या आसपास शर्करा व पिष्ट पदार्थ असतात आणि ६० ते ७५ कॅलरी मिळतात. गोडी फळात आधीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर, गूळ, मध यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, ५ टक्क्यांहून कमी असल्यास उत्तम. दिवसाला १५०० कॅलरी लागणाऱ्या मुलाचा हिशेब केला तर १० टक्के म्हणजे सुमारे साडेसदतीस ग्रॅम, म्हणजे सात-आठ लहान चमचे. त्यात चहा, बिस्किटे, चॉकलेट, शीतपेये सगळेच आले. गूळ घातला म्हणजे चालते, हा समज चुकीचा आहे. शरीराच्या दृष्टीने तीही साखरच.

आंबट आंबा निघाला तर मुलाच्याच हातात चमचा द्यावा आणि एकेक चमचा घालून चव घ्यायला सांगावे. मग बाजारच्या आंबापेयाच्या बाटलीवरील मजकूर त्याला वाचायला लावावा : फळाचा गर किती टक्के, साखर किती ग्रॅम? त्या बाटलीतले मुख्य घटक पाणी व साखर असतात, हे दहा भाषणांपेक्षा या एका वाचनाने लवकर कळते. दोन वर्षांखालील बाळांना मात्र वरची साखर अजिबात देऊ नये. सहा महिन्यांनंतरच्या बाळाला कुस्करलेला गर चमच्याने भरवता येतो.

तूप आणि चारोळी कशासाठी?

पिवळ्या आंब्यात कॅरोटीन भरपूर असते. शरीर त्यापासून 'अ' जीवनसत्त्व तयार करते. डोळे, त्वचा आणि रोगप्रतिकारशक्ती यांना ते लागते. कॅरोटीन शोषले जाण्यासाठी आहारात थोडी स्निग्धता हवी. रसात तुपाची धार घालणाऱ्या आजीला हे शास्त्र ठाऊक नसेल, पण तिची रीत बरोबर होती. धार मात्र चमचाभरच असावी. चारोळी तर आपल्या जंगलातली. चंद्रपूर-गडचिरोलीत उन्हाळ्यात चाराची झाडे फळतात. त्या फळांच्या बिया फोडून चारोळी निघते. मुलांना हे अवश्य सांगावे. वाटीतला दाणा कोणत्या झाडाचा आणि कोणाच्या कष्टाचा, हे कळणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

ही काळजी घ्या

साबणाने निदान २० सेकंद हात धुतल्याशिवाय कोणीही कणकेला किंवा आंब्याला हात लावू नये. नखे कापलेली असावीत. ज्याला जुलाब, उलटी किंवा हाताला पिकलेली जखम आहे, त्याने त्या दिवशी फक्त चारोळी निवडावी व गोष्टी सांगाव्यात.

रस काढून दिवसभर ओट्यावर ठेवू नये. आपल्याकडच्या उन्हात तो तासाभरात संपवावा किंवा झाकून फ्रिजमध्ये ठेवावा व त्याच दिवशी खावा. फसफसलेला, वास बदललेला रस वाया गेला तरी चालेल, पण पोटात जाऊ नये. उन्हाळ्यात जुलाबाने लहान मुलांच्या अंगातले पाणी झपाट्याने कमी होते आणि जिवावर बेतू शकते. जुलाब लागलेच तर जीवनजल द्यावे व डॉक्टरांना दाखवावे.

कॅल्शियम कार्बाइडने आंबे पिकविण्यास २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी बंदी आहे. त्या भुकटीत आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असू शकतात. म्हणून हंगामाआधीच्या पिवळ्याधमक आंब्यांची घाई नको. कच्चे आंबे आणून घरीच गवताच्या आढीत घालावेत. रोज एकदा उघडून कोणता पिकला हे वास घेऊन ओळखण्याचे काम मुलांकडे द्यावे.

तीन वर्षांखालील मुलांना सरगुंडे बारीक तुकडे करून, बसवून भरवावेत. घरात मधुमेही आजी-आजोबा असतील तर त्यांना वगळू नये. त्यांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने लहान वाटी ठरवावी आणि ती मोजून देण्याची जबाबदारी नातवावर सोपवावी. त्या जेवणात पोळी-भात तेवढा कमी करावा.

पालकहो, स्वयंपाकघरात मुले आली की पसारा होतो, कणीक जमिनीवर पडते, वेळ दुप्पट लागतो. तो लागू द्या. मुलगी असो वा मुलगा, दोघांनाही सारखेच काम द्या. हात का धुवायचे, साखर किती, शिळे का खायचे नाही, हे पुस्तकात वाचून मुले विसरतात, स्वतः केलेले विसरत नाहीत. येत्या रविवारी ऊन चढण्याआधी, सकाळी सात-आठच्या सुमारास, एक परात आणि चार काड्या घेऊन बसा. सरगुंडे वाकडेतिकडे झाले तरी रसात बुडाल्यावर सगळे सारखेच लागतात.